‘शाप की वरदान’ बाजूला ठेवा: पाचवी-सहावीच्या मुलांना स्वतःचं मत लिहायला कसं शिकवायचं

पाचवी-सहावीच्या कुठल्याही वर्गात जा आणि ‘मोबाईल शाप की वरदान’ यावर निबंध लिहायला सांगा. चाळीस वह्या जमा होतील आणि त्यातल्या बहुतेक वह्यांत सुरुवात ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ अशी असेल, मधे चार फायदे, मग चार तोटे, आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून मोबाईलचा वापर योग्य तेवढाच करावा, अति तेथे माती’. मीही कित्येक वर्षं त्याला बरोबरची खूण करून दहापैकी सात देत आले. एकदा एका पोराला सहज विचारलं, अरे पण तुझं काय म्हणणं आहे, शाप की वरदान? तर म्हणाला, “बाई, ते गाईडमध्ये नव्हतं.”

त्या दिवसापासून मी हा निबंध शिकवायची पद्धत बदलत गेले, आणि आता जी बसली आहे ती इथे लिहिते. वर्गात शिकवणाऱ्यांना चालेल आणि घरी एकट्या मुलाला घेऊन बसणाऱ्या आईबाबांनाही चालेल. बघा, मधल्या सुट्टीत हीच पोरं आउट की नॉटआउट यावर पंधरा मिनिटं भांडतात, कारणं देतात, साक्षीदार उभे करतात, समोरच्याचं म्हणणं खोडून काढतात, म्हणजे सगळा माल डोक्यात आहेच. वही उघडली की तो कुठे जातो? माझ्या मते आपण मत तयार व्हायच्या आधीच लिहायला बसवतो, आणि रिकाम्या डोक्याला मग पाठ केलेली वाक्यंच आठवतात. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त पेन हातात घ्यायच्या आधीच्या आहेत, त्या गाळू नका.

आधी विषय, आणि तो प्रश्नाच्या रूपात

‘पर्यावरणाचे महत्त्व’ हा मत मांडायचा विषयच नाही, कारण पर्यावरण महत्त्वाचं नाही असं म्हणणारा वर्गात कोण सापडणार. विषय निवडायची माझी परीक्षा सोपी आहे: या प्रश्नावरून वर्गातली दोन मुलं पाच मिनिटं खरोखर भांडू शकतील का? भांडू शकत असतील तर विषय पास.

चाललेले विषय सांगते. दिवाळीतला किल्ला घरी मातीचा करावा की बाजारातून तयार आणावा. पीटीचा तास दुसऱ्या विषयाच्या सरांनी घ्यावा का. वर्गात कोणी कुठे बसायचं हे बाईंनी ठरवावं की मुलांनी. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटावं का (हा फार तापतो, जपून). शाळा सकाळी किती वाजता भरावी हाही चांगला, कारण त्यात खरी बातमी आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, आणि त्यावर झोप पूर्ण होते म्हणणारेही होते आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी काय करायचं, रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्यांचं काय म्हणणारेही होते. दोन्हीकडे दम आहे असा विषय मिळाला की निम्मं काम झालं.

पुढे सगळीकडे मी पीटीच्या तासाचंच उदाहरण घेते, कारण तो विषय मी सहावीला दिला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन बसली होती.

माहिती, आवड आणि मत वेगळं करा

यावर एकच तास घालवा, जास्त नको. फळ्यावर तीन वाक्यं लिहा. ‘कळसूबाई शिखराची उंची १६४६ मीटर आहे.’ ‘मला श्रीखंडापेक्षा आम्रखंड आवडतं.’ ‘सहल पावसाळ्यात काढू नये.’ पहिलं मोजून बघता येतं, ती माहिती. दुसऱ्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आवड आहे त्याची, खाऊ दे. तिसऱ्यावर मात्र आपण विचारू शकतो ‘का बरं?’ आणि त्याने चांगलं कारण दिलं तर आपलं म्हणणं बदलूसुद्धा शकतं. ते मत.

मुलं माहिती आणि मत यांत फार गोंधळत नाहीत, गोंधळ होतो तो आवड आणि मत यांत. ‘पीटीचा तास हवा कारण मला पीटी आवडते’ ही आवड झाली. हे त्यांना समजावून सांगत बसू नका, फक्त विचारा, “आणि ज्याला पीटी आवडत नाही त्याला हे कारण पटेल का?” एवढ्यावर बरोबर कळतं.

वही बंद, खडूची रेघ

आता वर्गाच्या मधोमध जमिनीवर खडूने रेघ मारा. ‘पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायला हरकत नाही’ म्हणणारे उजवीकडे, ‘अजिबात देऊ नये’ म्हणणारे डावीकडे. सुरुवातीला सगळे डावीकडेच जातील, हे मी आधीच सांगते. मग आपण स्वतः उजवीकडे जाऊन उभं राहायचं आणि गणिताच्या सरांच्या बाजूने बोलायचं. मनापासून बोला, लुटूपुटूचं नको. “पुढच्या आठवड्यात चाचणी आहे, अपूर्णांक राहिलेत, तुमचेच मार्क जातील, मग घरी कोण ओरडा खाणार?” दोन-चार हुशार पोरं हळूच रेघ ओलांडून तुमच्याकडे येतात. खेळ इथे सुरू होतो.

नियम दोनच. बोलताना ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. आणि समोरच्याचं पटलं तर रेघ ओलांडायची, त्यात हरल्यासारखं काही नाही. रेघ ओलांडणाऱ्याला मी नेहमी विचारते की कोणाच्या कुठल्या वाक्याने तू इकडे आलास, आणि ते वाक्य फळ्यावर लिहिते. तासाच्या शेवटी फळ्यावर जी दहा-बारा वाक्यं जमतात ती सगळी मुलांची असतात, त्यात विज्ञानयुग कुठेही नसतं.

घरी एकच मूल असेल तर रेघेची गरज नाही, तुम्ही त्याच्या उलट बाजू घ्या आणि पोळ्या लाटता लाटता वाद घाला. फक्त जिंकू नका. आपल्याला सवय असते शेवटचा शब्द आपला ठेवायची, ती त्या दिवशी आवरा.

बोलायला लाजणारी मुलं असतातच. त्यांना जोडीत बोलू द्या, किंवा जोडीदाराचं कारण वर्गाला सांगायला लावा. दुसऱ्याचं म्हणणं सांगताना भीड कमी वाटते.

कागदाची घडी

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक कोरा कागद. एकदा आडवा दुमडा, एकदा उभा, उघडला की चार घरं. पहिल्या घरात माझं मत, एका वाक्यात. दुसऱ्यात पहिलं कारण, तिसऱ्यात दुसरं कारण, चौथ्यात ‘पण कोणी म्हणेल’. मागच्या कोऱ्या बाजूला शेवट, तो नंतर.

पहिलं घर सोडून बाकी घरांत पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत, नुसते शब्द. ‘डुलक्या, गुरुवार, भूगोल’ असे. पूर्ण वाक्य लिहायला दिलं की मुलं तिथेच निबंध लिहून टाकतात आणि नंतर तोच फेअर करतात, मग आराखडा हा प्रकारच उरत नाही.

पहिल्या घरातलं मत घट्ट असू दे. ‘पीटीचा तास घ्यावाही आणि घेऊही नये’ असं आलं की ते नाण्याच्या दोन बाजूंचं भूत परत आलं समजा. अट घालून मत मांडता येतं, ते वेगळं. ‘परीक्षेच्या आधीचा एक आठवडा सोडून पीटीचा तास कोणी घेऊ नये’, हे चांगलं मत आहे, उलट जास्त विचार केलेलं आहे.

कारणं दोनच का, तीन का नाहीत, असं एका सहकारी बाईंनी मला विचारलं होतं. तीन मागितली की तिसरं भरतीचं येतं. एका मुलीने लिहिलं होतं: फ्रेश वाटतं, आनंद होतो, मन प्रसन्न होतं. ही तीन कारणं नाहीत, एकाच कारणाला तीन कपडे घातलेत. कारणं खरंच वेगळी आहेत का हे बघायला मी विचारते, हे कारण कोणाच्या कामाचं आहे? एक माझ्या स्वतःच्या, दुसरं वर्गाच्या किंवा शिकवणाऱ्यांच्या, असं असलं की आपोआप वेगळी होतात.

म्हणजे कसं?

माझ्या मते सगळा निबंध या दोन शब्दांवर उभा आहे. मूल जे कारण देतं ते पहिल्यांदा नेहमी ढोबळ असतं, आणि तसंच सोडलं तर ते ढोबळच राहतं. म्हणून प्रत्येक कारणाच्या घरापाशी जाऊन विचारायचं, म्हणजे कसं? एकदा विचारून भागत नाही, तीनदा विचारा. एका मुलाशी झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते:

“खेळलं की बरं वाटतं बाई.”
“म्हणजे कसं?”
“म्हणजे डबा खाल्ल्यावर झोप येते ना, ती येत नाही.”
“म्हणजे कसं? रोज येते?”
“मंगळवारी नाही येत. मंगळवारी डब्यानंतर पीटी असते, मग इतिहास. गुरुवारी पीटीला गणित घेतात, मग भूगोलाला मी आणि हा डुलक्या काढतो.”
“मग?”
“मग काय बाई, गणिताला तास मिळाला पण भूगोलाचा गेलाच की.”

मी खुर्चीवरून उठलेच. हे कुठल्या गाईडमध्ये सापडणार? पण पहिल्याच उत्तरावर मी ‘छान, लिही’ म्हटलं असतं तर वहीत आलं असतं ‘खेळामुळे शरीर निरोगी राहते व मन प्रसन्न होते’.

पुरावा म्हणजे इंटरनेटवरून काहीतरी शोधून आणलेलं असं मुलांना वाटतं, आणि मग ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की’ सुरू होतं. या वयात सगळ्यात चांगला पुरावा स्वतः पाहिलेला आणि मोजलेला. आमच्या मुलांनी वर्गातल्या कॅलेंडरवर महिनाभर पीटीच्या तासांवर खुणा केल्या, झाला की बरोबर, गेला की फुली, आणि महिन्याच्या शेवटी फुल्या मोजल्या. दप्तराच्या ओझ्यावर निबंध असेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर दप्तर ठेवा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं असं आहे, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो. गणितही झालं, पुरावाही झाला.

बाहेरची माहिती वापरायचीच तर एकच, आणि आपण तपासून दिलेली. पीटीसाठी मी जागतिक आरोग्य संघटनेचं एक वाक्य देते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी अंग हलेल असा व्यायाम किंवा खेळ करावा. पण ते देऊन गप्प बसत नाही, विचारते की तुझी किती मिनिटं होतात काल मोजलीस का. मोजलं तर त्या वाक्याला निबंधात जागा, नाही तर नाही.

पण कोणी म्हणेल

चौथं घर मुलांना आवडत नाही, कारण आपल्या विरुद्धचं आपणच का लिहायचं. त्यांना खडूच्या रेघेची आठवण द्या, समोर सर उभे आहेत असं समज, ते काय म्हणतील? आणि ते म्हणणं मुद्दाम कच्चं करून लिहायचं नाही. ‘काही लोकांना खेळाचे महत्त्व कळत नाही’ हे सरांचं म्हणणं नव्हे, तो सरांचा अपमान झाला. सरांचं खरं म्हणणं पोर्शन राहिलाय हे आहे.

उत्तर देताना दोन वाटा आहेत. एक तर ‘हे खरं आहे, पण’ म्हणून पुढे जायचं, किंवा तोडगा द्यायचा. आमच्या एका मुलीने लिहिलं होतं की सरांनी तास घ्यावा पण उसना घ्यावा, पुढच्या आठवड्यात आपल्या तासातून परत करावा, शेजारच्या काकू साखर परत करतात तसा. उसना तास हा शब्द नंतर आमच्या अख्ख्या शाळेत चालू झाला.

आता लिहायचं, पण मधून

तिसरा दिवस. आता वही उघडा, आणि पहिलं वाक्य सोडून द्या. कागदावरचं दुसरं घर घ्या आणि तिथून लिहायला सुरुवात करा. सुरुवात कशी करू या विचारात मुलं पेन चावत बसतात आणि मग विज्ञानयुगच येतं, त्यापेक्षा वर चार ओळी मोकळ्या ठेवा आणि कारणावर उडी मारा. वर ज्याचं बोलणं दिलं त्या मुलाचा परिच्छेद असा झाला, नंतर शुद्धलेखन तेवढं सुधारलंय:

‘मंगळवारी आमचा पीटीचा तास डब्यानंतर असतो. त्यानंतर इतिहास असतो, तेव्हा मला झोप येत नाही. गुरुवारी मात्र पीटीच्या तासाला गणित होते आणि पुढच्या भूगोलाच्या तासाला मी व माझा मित्र डुलक्या काढतो. म्हणजे गणिताला एक तास मिळाला, पण भूगोलाचा एक तास वाया गेला.’

यात ‘मात्र’ आणि ‘म्हणजे’ हे दोन शब्द केवढं काम करतात बघा. जोडशब्दांची लांब यादी पाठ करायला देऊ नका, भिंतीवर सहाच लावा: कारण, म्हणून, शिवाय, मात्र, तरीही, उदाहरणार्थ. नाही तर बोलण्यातलं ‘आणि मग, आणि मग’ वहीत उतरतं. भाषा बोलीतली असावी की पुस्तकी यावरून फार ताण घेऊ नका. पहिला खर्डा ‘होतं, असतं’ मध्ये आला तर येऊ दे, तुमच्या शाळेत प्रमाण लेखनाचा आग्रह असेल तर फेअर करताना ‘होते, असते’ करता येतं. आधीच ते टोकत बसलात तर विचार तुटतो.

सुरुवात सगळ्यात शेवटी लिहायची. मधला मजकूर तयार झाला की त्यातूनच एखादं दृश्य किंवा प्रश्न उचलायचा. ‘गुरुवारी पाचव्या तासाला गणिताचे सर दारात दिसले की आमच्या वर्गातून एक मोठा उसासा निघतो’, झाली सुरुवात, आणि लगेच पुढच्या वाक्यात मत. शेवटासाठी कागदाच्या मागच्या बाजूला एकच प्रश्न: सोमवारपासून कोणी काय करावं? याचं उत्तर म्हणजे शेवट. ‘काळाची गरज आहे’ आणि ‘आपण सर्वांनी मिळून’ ही दोन वाक्यं आमच्या वर्गात बंद आहेत, वापरली तर वर्गाला एक गाणं म्हणून दाखवायचं.

ज्यांचं तरीही अडतं त्यांना पत्र लिहायला सांगा, मुख्याध्यापकांना, सरांना, आजोबांना. समोर माणूस दिसला की मत आपोआप नीट येतं. ही युक्ती काही नवी नाही, लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात समाजाला खडे बोल सुनावले ते पत्रांतूनच, शंभराच्या वर पत्रं आहेत ती.

तपासताना

लाल पेन बाजूला ठेवा, पेन्सिल घ्या. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घ बघायचंच नाही, कितीही हात शिवशिवला तरी. तीनच गोष्टी बघा: मत सापडलं का, प्रत्येक कारणापाशी ‘म्हणजे कसं’चं उत्तर आहे का, समोरच्याचं म्हणणं प्रामाणिक आहे का. जिथे नाही तिथे समासात प्रश्न लिहा, ‘कधी?’, ‘कोणी?’, ‘तू पाहिलंस का?’. उत्तर आपण लिहून द्यायचं नाही.

मग मुलाला स्वतःचा निबंध मोठ्याने वाचायला लावा. वाचताना जिथे अडखळतं तिथे वाक्य लांबलंय किंवा तुटलंय, ते त्यालाच कळतं. शुद्धलेखन चौथ्या दिवशी, फेअर करायच्या आधी, आणि तेही एका वेळी एकाच प्रकारची चूक.

आईबाबांना एक विनंती. हे घरी पाठवलं की दुसऱ्या दिवशी वहीत ‘क्रीडा ही सर्वांगीण विकासाची गुरुकिल्ली होय’ असं येतं आणि ते कोणाचं आहे हे आम्हाला लगेच कळतं. हल्ली तर फोनला विचारून आणलेलं पण येतं, सुंदर असतं, वर्गातला गुरुवार तेवढा त्यात नसतो. म्हणून मी हा निबंध घरी देतच नाही, चारही दिवस वर्गातच.

वयाप्रमाणे माप कमी-जास्त करा. तिसरी-चौथीला मत, एक कारण आणि एक उदाहरण, पाच-सहा वाक्यं भरपूर झाली, चौथं घर तोंडी घ्या. पाचवी-सहावीला शंभर-सव्वाशे शब्द. सातवीपासून दीडशे-दोनशे, आणि तेव्हा दोन्ही बाजू लिहून मग आपली निवडायलाही हरकत नाही. पुढे दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मवृत्त यांच्या जोडीला वैचारिक लेखनाचा पर्याय असतो आणि बहुतेक मुलं त्याला घाबरून तो सोडतात. परीक्षेत घडी घालायला कागद नसतो, तर उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर अधिक चिन्ह काढायचं, झाली चार घरं, तीन मिनिटं त्यात घालवायची आणि नंतर त्यावर एक तिरपी रेघ मारायची.

आणि ते घडीचे कागद टाकून देऊ नका, निबंधाशेजारी वहीत चिकटवा. पुढच्या निबंधाच्या वेळी मुलाला ‘आराखडा कर’ असं वेगळं सांगावं लागत नाही, ते मागचं पान उघडतं आणि कागद मागायला टेबलापाशी येतं.